वस्तीतले मैदान

प्रास्ताविक

खेळांविषयीचे लेखन आपण वृत्तपत्रांत रोज वाचतो. त्यात सामन्यांचे निकाल असतात, विक्रमांची नोंद असते, नामवंत खेळाडूंच्या मुलाखती असतात. ज्याचा निकाल कोठेही छापून येत नाही असा खेळ हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. गरीब वस्त्यांत काही माणसे दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी, किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी, कोणताही मोबदला न घेता मुलांना खेळ शिकवतात. ही माणसे नेमके काय करतात आणि त्यांच्यापुढे कोणते पेच उभे राहतात, याचा विचार या लेखात केला आहे.

लेख वैचारिक आहे. त्यात माहिती आहे, तशी लेखकाची मतेही आहेत. वाचताना माहिती कोठे संपते आणि मत कोठे सुरू होते, इकडे लक्ष ठेवा. लेखकाचे मत तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला वैचारिक लेखातील माहिती व मत यांतील फरक ओळखता येईल. एखाद्या नियमाच्या बाजूचे व विरुद्धचे मुद्दे स्वतःच्या शब्दांत मांडता येतील. आणि खेळाशी संबंधित मराठी शब्दांचा व वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करता येईल.

मूळ पाठ

विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. पावसाळ्यातल्या एका दिवशी त्यांना झोपडपट्टीतील काही मुले चिखलात खेळताना दिसली. मुलांजवळ चेंडू नव्हता. एक फुटकी बादली ती लाथांनी इकडून तिकडे उडवत होती, आणि तरीही त्यांचा खेळ रंगला होता. बारसे यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. जितका वेळ ही मुले खेळात गुंतलेली असतात, तितका वेळ ती व्यसनांपासून आणि मारामाऱ्यांपासून दूर असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून २००१ साली नागपुरात ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हा उपक्रम उभा राहिला. पुढे तो ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर पोहोचला. २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिफा’ने, या संस्थेला विविधता पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘झुंड’ हा २०२२ सालचा चित्रपट याच कार्यावर आधारलेला आहे.

ही हकिकत सांगताना सर्वांना बादली आठवते. मला मात्र त्यानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. चेंडू देणे सोपे आहे. एखादा दयाळू गृहस्थ मोटारीतून जाताना चेंडू देऊन पुढे निघून जाऊ शकतो. आठ दिवसांत तो चेंडू काट्यावर किंवा काचेवर फुटतो, किंवा दांडगी मुले तो आपल्याकडे ठेवतात, आणि लहानगी पुन्हा कडेला बसतात. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी पुन्हा येणे, तिसऱ्या दिवशी येणे, पावसात येणे, मुले आली नाहीत त्या दिवशीही येऊन उभे राहणे, हे खरे अवघड काम आहे. गरीब वस्तीतील मुलांनी आश्वासने पुष्कळ ऐकलेली असतात. निवडणुकीपूर्वी माणसे येतात, छायाचित्रे काढणारे येतात, वह्या वाटणारे येतात, आणि जातात. म्हणून नव्या प्रशिक्षकाकडे मुले पहिले काही आठवडे थोड्या संशयानेच पाहतात. तो किती दिवस टिकतो, याची ती जणू परीक्षाच घेत असतात.

महाराष्ट्राला ही कल्पना तशी परकी नाही. तालमी आणि व्यायामशाळा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आणि मुंबईतील दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली स्थापन झाले. लालबाग, परळ, प्रभादेवी या गिरणगावाच्या भागांत कबड्डीची मंडळे नांदली. गिरणीत पाळी करून आलेला माणूस संध्याकाळी मोकळ्या जागेत पोरांना चढाई शिकवी. त्याला कोणी स्वयंसेवक म्हणत नसे. तो त्या चाळीतलाच असे आणि मुले त्याला दादा किंवा काका म्हणत. हा तपशील लहान वाटेल. पण या लेखात पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता प्रत्यक्ष मैदानाकडे वळू. मैदान हा शब्दसुद्धा अनेकदा उदारपणे वापरावा लागतो. कोठे ती नाल्याकाठची पडीक जागा असते, कोठे रेल्वेमार्गालगतचा पट्टा, कोठे शाळेचे आवार आणि तेही शिपायाच्या मर्जीवर. बुधवारी तेथे बाजार भरतो, लग्नसराईत मांडव पडतो, गणेशोत्सवात मंडप उभा राहतो. प्रशिक्षकाचे पहिले काम चेंडूशी संबंधित नसतेच. तो मुलांना एका ओळीत उभे करतो आणि सगळे मिळून जमिनीवरच्या काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे वेचतात. बहुतेक मुले अनवाणी असतात. त्यानंतर चुन्याने रेषा आखल्या जातात. चुना नसला तर विटांचे तुकडे आणि चपला ठेवून हद्द ठरते. रेषा आखली की त्या पडीक जागेला अचानक आत आणि बाहेर मिळते, नियम मिळतो. मुलांच्या वागण्यात पडणारा फरक त्या क्षणापासूनच दिसू लागतो.

नवखा प्रशिक्षक हमखास एक चूक करतो. तो मुलांची रांग लावतो. पुढच्याने चेंडू मारायचा, रांगेच्या शेवटी जायचे, मग दुसऱ्याने मारायचा. शिस्त दिसते, पाहणाऱ्यांना बरे वाटते. परंतु हिशेब करून पाहा. मुले वीस, चेंडू एक, वेळ एक तास. प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे. उरलेली सत्तावन्न मिनिटे मूल रांगेत उभे राहते, पुढच्याला ढकलते, शिवी देते, मार खाते आणि उद्यापासून येत नाही. अनुभवी प्रशिक्षक रांग मोडतो. तो चारचार मुलांचे छोटे संघ करतो, मैदानाचे लहान तुकडे पाडतो आणि एकाच वेळी दोन-तीन सामने लावून देतो. चेंडू कमी पडले तर चिंध्या बांधून केलेला चेंडूही चालतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा, म्हणजे किंचित लहान चेंडू द्यावा, त्याहून मोठ्यांना पाच क्रमांकाचा, असे शास्त्र सांगते. वस्तीत मात्र जो मिळेल तो चेंडू सर्वांचा असतो.

येथे आपल्या देशी खेळांची एक मोठी सोय लक्षात घेण्यासारखी आहे. खो-खोला दोन खांब लागतात. कबड्डीला तेवढेही लागत नाही. पाठलाग करणाऱ्या संघातील आठ जण चौकोनांत बसलेले असतात, पण त्यांपैकी कोणाला कोणत्या क्षणी ‘खो’ मिळेल याचा नेम नसल्यामुळे बसलेला खेळाडूही खेळातच असतो. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो खरा. पण त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी टिपला की तो पुन्हा आत येतो. जुनी माणसे याला ‘गडी जिवंत झाला’ असे म्हणतात. फुटबॉल आणि क्रिकेट यांच्या झगमगाटात हे खेळ मागे पडू नयेत असे मला वाटते, आणि त्याचे कारण परंपरेचा अभिमान एवढेच नाही. वीस मुलांना साठ मिनिटे गुंतवून ठेवण्याची युक्ती या खेळांच्या रचनेतच आहे.

लहान संघांच्या फुटबॉलचा उल्लेख वर आला. ‘बेघरांचा विश्वचषक’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच पद्धतीने खेळली जाते. पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरात झाली. प्रत्येक संघात चार खेळाडू, बावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद असे छोटे मैदान, सात-सात मिनिटांचे दोन डाव. नागपूरच्या स्लम सॉकरने घडवलेले खेळाडू भारतातर्फे या स्पर्धेत उतरले आहेत. तिचा एक नियम मोठा विलक्षण आहे. कोणत्याही खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. संघातील सर्वांत चांगला खेळाडूही पुढच्या वर्षी घरी राहतो आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. चषक जिंकणे हेच ज्यांचे ध्येय असते, त्यांना असा नियम सुचणार नाही.

अशा मैदानावर येणाऱ्या मुलांपैकी फार थोडी पुढे नावाजलेले खेळाडू होतात. बाकीच्यांचे काय? स्वयंसेवी प्रशिक्षकाच्या कामाचे मोल याच बाकीच्यांवरून करावे लागते. चलाख मुलावर मेहनत घ्यावी, त्याला स्पर्धेत उतरवावे, पारितोषिक मिळवावे, हा मोह मोठा असतो. देणगीदारालाही पारितोषिक दाखवता येते. परंतु ज्याला अजून चेंडू अडवता येत नाही, जो स्वतःहून संघात घ्या म्हणत नाही, त्याला रोज किमान एकदा चेंडूला पाय लावायला मिळाला की नाही, हे पाहणारा प्रशिक्षक मला अधिक मोठा वाटतो.

पाठगत प्रश्न १

(अ) ‘चेंडू देणे सोपे आहे’ असे लेखक का म्हणतो?
(आ) मुलांची रांग लावण्याच्या पद्धतीत कोणता दोष आहे? लेखकाने तो कोणत्या हिशेबाने दाखवला आहे?
(इ) बेघरांच्या विश्वचषकातील कोणता नियम लेखकाला विलक्षण वाटतो?

मूळ पाठ (पुढे चालू)

आता ज्या पेचासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो.

मुंबईत कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी आंबेडकर नगर ही वस्ती आहे. जवळच कुलाब्याचे ससून डॉक हे मासळीचे बंदर आहे. वस्तीतील अनेक मुले शाळा सोडून तेथे कामाला जात. लहान वयात हाती पैसा आला की त्यामागोमाग जुगार, दारू यांचीही सवय लागे. अशोक राठोड हे याच वस्तीत वाढले. आपल्या बरोबरीचे मित्र शाळेतून एकेक करून नाहीसे झालेले त्यांनी पाहिले होते. २००६ साली त्यांनी वस्तीतल्या मुलांना जमवून फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. त्यातून ‘ऑस्कर फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. तिचा नियम साधा होता: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. जो मुलगा शाळेत जाईल, त्यालाच मैदानावर यायला मिळेल.

या नियमामागे पक्का व्यवहार आहे. मुलाला शाळेची ओढ नसते, खेळाची असते. घरच्यांनी सांगून, शिक्षकांनी दम देऊन जे होत नाही, ते खेळाच्या ओढीने होते. संध्याकाळी खेळायला मिळावे म्हणून मुलगा सकाळी दप्तर उचलतो. मैदान आणि शाळा यांच्यात अशी गाठ बांधली की शाळेतली हजेरी टिकते. आज देशातील अनेक संस्था या ना त्या रूपात हा नियम पाळतात, आणि त्याचा उपयोग होतो हे मान्य केले पाहिजे.

परंतु या नियमाच्या कडेला एक मूल उभे असते. त्याचे वडील आजारी आहेत किंवा घर सोडून गेले आहेत. पहाटे तो बंदरावर जातो, किंवा चहाच्या टपरीवर कपबश्या विसळतो, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळतो. त्याने शाळा खोडसाळपणाने सोडलेली नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार त्या मुलाने शाळेत असायला हवे, हे खरेच. पण त्याच्या घरची चूल कायद्याने पेटत नाही. संध्याकाळी पाच वाजता दमून भागून तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. त्याला खेळू द्यायचे की नाही?

खेळू दिले, तर नियम ढिला पडतो. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे म्हणतात, तो शाळेत जात नाही तरी खेळतो, मग आम्हीच का जायचे? न खेळू द्यावे, तर शाळेने एकदा आणि मैदानाने दुसऱ्यांदा, असे दोन वेळा ते मूल बाहेर काढले जाते. ज्याला मैदानाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच मैदान बंद.

हा पेच कागदावर सोडवता येईल असे वाटते, पण प्रत्यक्षात तो रोज संध्याकाळी नव्याने सोडवावा लागतो. काही प्रशिक्षक नियमाची मुदत वाढवतात. ‘आज खेळ, पण शनिवारी मी तुझ्या घरी येणार आहे,’ असे ते सांगतात, आणि शनिवारी खरोखरच जातात. घरी गेल्यावर बहुतेकदा कारण कळते: कधी शाळेच्या दाखल्याअभावी प्रवेश अडलेला असतो, कधी गणवेश नसल्याची लाज असते, कधी मुलगा वर्गात इतका मागे पडलेला असतो की बसणे असह्य होते. यांपैकी काही अडचणी प्रशिक्षकाला मुख्याध्यापकांना भेटून दूर करता येतात. काही येत नाहीत. चौदा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला तो मुक्त विद्यालयाची वाट दाखवू शकतो. तेथे काम सांभाळून, पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवत दहावीची परीक्षा देता येते. हा पाठ वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ही वाट ठाऊकच आहे.

माझे मत विचाराल तर नियम असावा. पण त्याची भाषा बदलावी. ‘शाळा नाही, तर फुटबॉल नाही’ याऐवजी ‘शाळा नाही, तर आधी बोलू’ असा तो असावा. यात धोका आहे, हे मी जाणतो. बोलण्याला अंत नसतो, आणि ज्याने वीस वर्षे मैदानावर घालवली आहेत तो प्रशिक्षक माझ्या या सौम्यपणाला हसेलही. कडक नियमाने शाळेत टिकलेली मुले तो मला मोजून दाखवील. मी त्याला कडेला उभे असलेले मूल दाखवीन. आमचे दोघांचेही मोजमाप खरे असेल.

मुलींच्या बाबतीत हा पेच आणखी वेगळे रूप घेतो. मुलगा मैदानावर येत नाही तेव्हा तो कामावर असतो. मुलगी येत नाही तेव्हा ती घरातच असते, आणि घरातले काम कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही. पाणी भरण्याची वेळ, स्वयंपाकाची वेळ, अंधार पडण्याची वेळ या तिन्हींच्या मधून जो तास उरतो, तो तिचा खेळाचा तास. झारखंडमध्ये रांचीजवळच्या हुटुप या गावात २००९ साली फ्रँझ गॅस्टलर या अमेरिकन तरुणाने मुलींना फुटबॉल शिकवण्यास आरंभ केला. ‘युवा’ या नावाने ते काम ओळखले जाते. ज्या भागात मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत, तेथल्या या आदिवासी मुली २०१३ साली स्पेनला गेल्या आणि तेथील गास्टाइझ चषक स्पर्धेत त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला. २०१९ मध्ये युवाला लॉरियस पुरस्कार मिळाला. मला स्पेनपेक्षा एक दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते: तेथे मोठ्या झालेल्या मुली धाकट्या मुलींच्या प्रशिक्षक होतात. आपल्या शेजारची ताई शिट्टी घेऊन उभी आहे हे पाहिल्यावर आईच्या मनातली निम्मी भीती कमी होते. बाहेरून आलेल्या पुरुषाने कितीही समजावले तरी हे घडणे कठीण असते.

येथे गिरणगावातला तो दादा पुन्हा आठवतो. बाहेरून येणारा स्वयंसेवक उत्साही असतो, शिकलेला असतो. पण त्याची नोकरी बदलते, लग्न होते, बदली होते, आणि एका शनिवारी तो येत नाही. मोठ्या माणसांना हे स्वाभाविक वाटते. मुलांना ते तसे वाटत नाही. ‘सर आता येणार नाहीत’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात निरनिराळ्या नात्यांच्या संदर्भात ऐकलेले असते. म्हणून टिकलेल्या बहुतेक उपक्रमांनी कालांतराने वस्तीतल्याच तरुणांच्या हाती शिट्टी दिली. १९९९ साली मॅथ्यू स्पेसी यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘मॅजिक बस’ने आपल्या कामाचा भार वस्तीतील तरुण स्वयंसेवकांवर टाकला. नागपुरातही काल मैदानावर खेळणारी मुले आज प्रशिक्षक झाली आहेत. एकेकाळी गुन्हेगारीच्या वाटेवर गेलेला एक तरुण तेथे भारताचा कर्णधार आणि पुढे धाकट्यांचा शिक्षक झाला. ज्याला जायचे आहे त्याने निदान निघण्यापूर्वी मुलांना सांगावे, निरोप घ्यावा, आणि आपल्या जागी कोण येणार त्याची ओळख करून द्यावी. एवढे सौजन्यही पुष्कळदा पाळले जात नाही.

उत्साहापुढे आणखी एक गोष्ट विसरली जाते. मोबदला न घेणारा माणूस चांगलाच असणार, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत धरणे मुलांसाठी धोक्याचे आहे. मैदानावर एकाच वेळी किमान दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात; कोणत्याही प्रशिक्षकाने एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत, वाहनात किंवा स्वतःच्या घरी नेऊ नये; मुलींच्या गटाबरोबर एखादी स्त्री असावी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील सर्वांना लागू आहे, आणि असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक केले आहे. हे नियम म्हणजे प्रशिक्षकावरचा अविश्वास, असे काही जणांना वाटते. खरा प्रशिक्षक मात्र त्यांचा राग धरत नाही. मारणे, शिव्या देणे, चुकलेल्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावणे याही जुन्या सवयी सोडाव्या लागतात. धावणे ही शिक्षा ठरली की मूल धावण्याचाच तिटकारा करू लागते.

भुकेचा विषय टाळून चालणार नाही. सकाळपासून चहा आणि पावावर असलेले मूल संध्याकाळी पंधरा मिनिटांत दमते. ते आळशी आहे असे नवख्याला वाटते. जाणता प्रशिक्षक त्याला आधी विचारतो, ‘दुपारी काय जेवलास?’ काही ठिकाणी सराव संपल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ किंवा केळे देतात. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था तर असायलाच हवी. डोक्याला जोराचा मार लागला तर त्या दिवशी पुन्हा खेळू द्यायचे नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचे, मग मुलगा ‘काही झाले नाही’ असे कितीही म्हणो. सामना अटीतटीचा असतो तेव्हा हा नियम पाळणे जड जाते. नेमके तेव्हाच तो पाळायचा असतो.

प्रशिक्षकाच्या पिशवीत शिट्टी, पट्ट्या, चेंडूत हवा भरण्याचा पंप असे साहित्य असते. त्यातच एक वही असते. तिच्यात नावे असतात आणि नावांपुढे रोजच्या खुणा. शाळेतल्या हजेरीपटासारखीच ती दिसते. परंतु ती पाहण्याची रीत वेगळी आहे. शाळेत उपस्थितांची संख्या वर पाठवायची असते. येथे प्रशिक्षक रिकाम्या चौकोनांकडे पाहतो. एक दिवस रिकामा असेल तर पाहुणे आले असतील, ताप असेल. तीन दिवस सलग रिकामे दिसले की तो चौथ्या दिवशी सराव संपवून, चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून, त्या मुलाच्या घराची गल्ली विचारत निघतो.

शब्दार्थ

मोबदला – कामाच्या बदल्यात मिळणारे धन
पेच – सहज न सुटणारी अडचण
तालीम – कुस्ती व व्यायाम यांची जागा, आखाडा
गिरणगाव – मुंबईतील कापडगिरण्या व गिरणी कामगारांची वस्ती असलेला भाग
चढाई – कबड्डीत प्रतिपक्षाच्या हद्दीत जाऊन गडी बाद करण्याचा प्रयत्न
गडी – खेळणारा, भिडू
खोडसाळपणा – मुद्दाम केलेला वात्रटपणा
तिटकारा – तीव्र नावड

पाठगत प्रश्न २

(अ) ‘शाळा नाही, तर फुटबॉल नाही’ या नियमाचा कोणता फायदा लेखक मान्य करतो?
(आ) ‘शाळेने एकदा आणि मैदानाने दुसऱ्यांदा’ या शब्दांतून लेखकाला काय सुचवायचे आहे?
(इ) प्रशिक्षक वहीतील रिकाम्या चौकोनांकडे का पाहतो?

भाषाभ्यास

पुढील वाक्ये लक्षपूर्वक वाचा.

१. पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरात झाली.
२. फुटबॉल आणि क्रिकेट यांच्या झगमगाटात हे खेळ मागे पडू नयेत असे मला वाटते.

पहिल्या वाक्यातील विधान पडताळून पाहता येते; ते माहितीपर आहे. दुसऱ्या वाक्यात लेखकाचे मत आहे. ‘मला वाटते’, ‘माझे मत विचाराल तर’ अशा शब्दांनी मत सूचित होते. मात्र प्रत्येक वेळी असे शब्द असतातच असे नाही. ‘त्याच्या घरची चूल कायद्याने पेटत नाही’ हे वाक्य माहितीपर आहे की मतदर्शक, याचा विचार करा. या वाक्यातील ‘चूल पेटणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ घरात अन्न शिजणे, निर्वाह होणे असा आहे.

पाठान्त प्रश्न

१. पाठातून माहितीपर व मतदर्शक अशी प्रत्येकी तीन वाक्ये शोधून लिहा.
२. ‘चूल पेटणे’, ‘कडेला बसणे’, ‘वाट दाखवणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
३. खो-खो व कबड्डी या खेळांच्या रचनेत लेखकाला कोणती सोय दिसते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. स्वयंसेवक अचानक येईनासा झाला तर मोठ्यांना व मुलांना ते वेगवेगळे का वाटते?
५. अनुभवी प्रशिक्षकाच्या तोंडी घालून लेखकाच्या मताला उत्तर देणारा दहा ओळींचा परिच्छेद लिहा. त्यात कडक नियमाची बाजू मांडा.
६. कामामुळे शाळा सोडावी लागलेले एक मूल संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे आहे. तुम्ही तेथील प्रशिक्षक आहात. तुमच्या दोघांमधील संभाषण लिहा.

उपक्रम

तुमच्या वस्तीत किंवा गावात मुले जेथे खेळतात, अशा जागेवर एका संध्याकाळी तासभर थांबा. किती मुले खेळतात, किती कडेला उभी आहेत आणि मुली किती आहेत, याची नोंद करा. कडेला उभ्या असलेल्यांपैकी एखाद्या मुलाशी बोला आणि त्याने दिलेली कारणे त्याच्याच शब्दांत लिहून काढा.